शेगावले जाऊन येतो : ऑनलाइन ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटायचं तर

ऑनलाइन मैत्रिणीला पहिल्यांदा कसं भेटावं, असं कुणालाही विचारा. पहिला सल्ला ठरलेला असतो, "कॅफेत भेटा." आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. आमच्याकडचा कॅफे म्हणजे एस.टी. थांब्याजवळची चहाची टपरी. तिथं मी अनोळखी माणसासोबत चहा प्यायले तर कप विसळून होईस्तोवर बातमी माझ्या माहेरी, पुसदला पोचलेली असते. शहरातले सल्ले आम्हाला असे अर्धेच कामी येतात. उरलेला अर्धा भाग मी स्वतः पडून-झडून शिकले, तो इथं लिहिते.

मी अंगणवाडी सेविका, वय 46. घरी साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बांधावरची वांगी, चवळी, अंबाडी माझी. 2021 साली पोरीनं फोनवर मला गावरान बियाण्यांच्या एका गटात घातलं. कुणाकडं कसलं बी आहे ते लोक तिथं सांगतात आणि टपालानं एकमेकांना पाठवतात. तिथं चिपळूणकडची एक बाई भेटली. तिला कोहळ्याचं बी पाहिजे होतं. मी हौसेनं पाठवलं. चार महिन्यांनी तिचा फोटो आला, वेलाला लालभडक भोपळे लागलेले, आणि खाली लिहिलेलं, "ताई, हा कोहळा नाही हो!" आमच्याकडं लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात, त्याचेच बोंडं तळतात. तिचा कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. त्या भांडणातून मैत्री झाली. पावणेदोन वर्षं आम्ही रोज बोलायचो आणि भेट मात्र नाही.

भेटीचा विषय निघाला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. फोनमधली बाई आवडते, पण ती फोनच्या बाहेर कशी असेल? त्याहून मोठी भीती, मी तिला कशी वाटेन?

आधी टपालानं भेटा

माणूस खरं आहे का, हे तपासायचे रस्ते शहरातल्यांकडं बरेच असतील. मला टपालाचा रस्ता सगळ्यात पक्का वाटतो. वस्तू पाठवायची म्हटलं की पत्ता लागतो, नाव लागतं, हात लागतो. तिच्या पाकिटात बी राखेत घोळून, कागदाच्या पुड्या करून, प्रत्येक पुडीवर तारीख घालून आलं होतं. फोटो कुणाचाही चोरता येतो, पुडी बांधायची अशी सवय चोरता येत नाही. आमचे गावचे डाकसेवकही पाकीट देताना म्हणाले, "अक्षर बाईचंच दिसते, मॅडम." त्यांचा अंदाज चुकूही शकला असता, ते सोडा.

पण तुमचा पत्ता देताना घाई करू नका. मी पहिल्यांदा नाव आणि 'मार्फत' म्हणून गावातल्या किराणा दुकानाचं नाव दिलं होतं. दुकानदार दीर लागतो, पाकीट ठेवून घेतो. ओळख जुनी झाल्यावर घरचा पत्ता दिला. गाव लहान आहे, नाव कळलं की घर कुणीही दाखवतं, म्हणून गावाचं नाव हाच आपला खरा पत्ता. तो कुणाला, कधी द्यायचा ते तोलून ठरवा. मी पहिले सहा महिने फक्त तालुका सांगितला होता.

दुसरं, व्हिडिओ कॉल. तो एकटीनं नको, घरच्यांसमोर आणि दिवसाउजेडी करा. मी केला तेव्हा आमच्या सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न टाकला, "तुमच्याकडं पाऊस हाय का वो?" तिनं फोन खिडकीकडं वळवला. कोकणातला आषाढ, पागोळ्या धो धो. सासूबाई बघतच राहिल्या. "एवढा? थोडा इकडं पाठव न माय." त्या दिवसापासून घरात ती 'पावसावाली' झाली आणि माझं निम्मं काम झालं. समोरचा दर वेळी "कॅमेरा बिघडला" म्हणत असेल, तर तो दुरुस्त होईस्तोवर भेटही थांबवा. दोन वर्षं कुणाचा कॅमेरा बिघडलेला राहत नाही.

तिसरं, नाव जुळतं का ते बघा. फोनपे किंवा गुगल पेवर नंबर टाकला की पैसे पाठवायच्या आधीच बँकेतलं नाव दिसतं. सांगितलेलं नाव एक आणि बँकेतलं दुसरं असेल तर सरळ विचारा. कधी नंबर नवऱ्याच्या किंवा पोराच्या नावावर असतो, त्यात वावगं नाही. पण विचारल्यावर माणूस चिडला तर ते चिडणं लक्षात ठेवा. आधार कार्डाचा फोटो मात्र कुणी कितीही प्रेमानं मागितला तरी पाठवायचा नाही. तुम्हीही मागू नका.

बिनकामाचं भेटू नका

माझं सगळ्यात लाडकं म्हणणं हेच आहे. नुसतं भेटायला म्हणून जाऊ नका, काम काढून जा. दोघींनाही आपापलं काम असू द्या.

एक तर घरातून निघायला कारण लागतं. खेड्यातली बाई "मैत्रिणीला भेटायला चालले" म्हणाली की दहा भुवया वर जातात, पोरगी असेल तर वीस. दुसरं असं, की काम असलं की भेट फसली तरी दिवस फसत नाही. गप्पा जमल्या नाहीत तर "चला, मला अजून ते उरकायचंय" म्हणून उठता येतं, कुणाचा अपमान होत नाही. समोरच्यावरही ओझं पडत नाही. मी केवळ तुझ्यासाठी दीडशे किलोमीटर आले, असं कुणाला वाटायला लावलं की त्या बिचाऱ्याला तोंड भरून हसावंच लागतं.

तिला नणंदेबरोबर शेगावला दर्शनाला यायचं होतं, मलाही बरेच दिवस जायचं होतं. ठरलं.

शेगाव का, हे जरा सविस्तर सांगते. गजानन महाराजांचं शेगाव आम्हा वऱ्हाडातल्या बायांसाठी अशी जागा आहे की तिथं एकटी बाई गेली तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. "शेगावले जाऊन येतो," एवढं म्हटलं की सासू पिशवीत नारळ टाकते. (आमच्याकडं बायाही 'येतो, जातो'च म्हणतात. पावसावालीला याचं फार हसू आलं होतं.) स्टेशन मुंबई-हावडा मुख्य लाईनवर आहे, त्यामुळं कोकणातून कल्याणला येऊन नागपूरकडची रात्रीची गाडी धरणाऱ्यालाही सोपं आणि एस.टी.नं मूर्तिजापूरला येऊन गाडी धरणाऱ्या मलाही सोपं. सगळीकडं माणसं, सेवेकरी, महाप्रसादाची पंगत, बसायला सावली. एखाद्यानं आवाज चढवला तर शंभर माना वळतील. आणि भेट जमली तर कचोरी आहेच.

दिवस मात्र बघून ठरवा. गुरुवार, एकादशी, रामनवमी आणि माघातला प्रकट दिन टाळा. दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो आणि गर्दीत माणूस सापडत नाही. महिना म्हणाल तर जानेवारी बरा. त्याआधी दिवाळीपासून कापूस वेचणी असते, तेव्हा घरातून बाई हलली की मजूर कोण बघणार. मे महिन्याचं नावच काढू नका. 45 अंशात कुणाची कुणाशी मैत्री टिकत नाही.

शेगाव दूर पडत असेल तर आपल्या भागातली अशीच जागा शोधा, जिथं गर्दी आहे पण ती आपल्या गावची नाही. आठवडी बाजार मला पटत नाही. माणसं भरपूर, पण निम्मी आपले नातेवाईक आणि उरलेली ओरडणारी. मी दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाला अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत भेटले. लातूरकडचे निवृत्त गुरुजी, साठीच्या पुढचे, ज्वारीच्या जुन्या वाणांचा नाद. भेटायचा तो पुरुष माणूस, म्हणून मी नवऱ्याला, आमच्या यांना, सोबत नेलं. हे कुरकुरत आले आणि तिथं गुरुजींसोबत तुरीच्या प्लॉटवर दोन तास असे रमले की मीच बाजूला पडले. अशा शेतकरी मेळाव्यात, प्रदर्शनात भेटायचा फायदा हा की बोलायला विषय समोरच उभा असतो. गप्प बसायची वेळ आली तर पाटी वाचायची.

शेतात भेटायचं नाही. कुणाच्या खोलीवर, लॉजवर, हायवेच्या ढाब्यावर, धरणाच्या भिंतीवर किंवा दुपारच्या ओसाड टेकडीवरच्या देवळात नाही. देऊळ आहे म्हणून जागा चांगली होत नाही, माणसं आहेत म्हणून होते. आणि समोरच्याच्या गाडीवर बसायचं नाही, पहिल्या भेटीत तर नाहीच. जागा ऐनवेळी बदलायला सांगितली तर भेट रद्द. कारण ऐकत बसू नका, कारणं सगळ्यांचीच चांगली असतात.

आधी परतीची गाडी ठरवा

आम्ही भेटायची वेळ आधी ठरवली नाही, आधी परतीची ठरवली. दारव्ह्याहून आमच्या गावची शेवटची एस.टी. साडेसहाला. ती धरायची तर मूर्तिजापूरहून तीनच्या आत निघायला पाहिजे, म्हणजे शेगावहून एकच्या सुमाराची गाडी. असं मागून पुढं मोजत गेलं की भेटीला किती वेळ उरतो ते आपोआप कळतं. शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, चालू असती तर दारव्ह्यातूनच छोट्या गाडीत बसून मूर्तिजापूरला उतरले असते. पण ती आता बंद आहे, आणि चालू होती तेव्हाही तिच्या भरवशावर कुणी वेळ ठरवत नसे.

ही शेवटची एस.टी. मोठी कामाची चीज आहे. "मला आता निघावं लागते, नाही तर गाडी जाईल," यावर कुणी रुसत नाही. ज्याच्या गावी रात्रभर गाड्या आहेत त्यानं खोटी का होईना, एक शेवटची गाडी ठरवून ठेवावी. पहिली भेट दीड-दोन तासांच्या वर नको. पावणेदोन वर्षांचं बोलणं एका दिवसात संपवायला बसलं की संध्याकाळी दोघंही थकतात आणि थकवा एकमेकांच्या नावावर लिहून टाकतात.

खर्चाचं म्हणाल तर 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. आपलं तिकीट आपण काढायचं. समोरचा "मी काढतो, तुम्ही फक्त या" म्हणाला तरी आपणच काढायचं. ज्याच्या पैशानं आलो त्याला सोडून निघताना पाय जड होतो.

घरी सांगूनच

इथं मी जरा कडक आहे. घरी न सांगता जाऊ नका. मला माहीत आहे, सगळ्यांचं घर सारखं नसतं. नवऱ्याला सांगता येत नसेल तर बहिणीला, बहिणीला नाही तर अंगणवाडीतल्या मदतनीसला. पण एका माणसाकडं चार गोष्टी लिहून असल्या पाहिजेत. कुणाला भेटतोय, त्याचा नंबर, कुठं, आणि परतीची गाडी कोणती. कागदावर लिहा. फोन हरवला तर फोनमधलं लिहिलेलंही हरवतं.

मी यांना सांगितलं तेव्हा यांनी विचारलं, "बाईच हाय कावून? माणूस नसन कशावरून?" मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. त्यावरूनच तो व्हिडिओ कॉल झाला. शंका घेणाऱ्यावर चिडू नका, त्याला कामाला लावा. आमच्या यांना मी लोकेशन बघायच्या कामाला लावलं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास ठेवता येतं. मी 8 तास लावलं. दिवसभरात यांचे तीन फोन आले. तिसरा होता, "तू इतका वेळ एकाच जागी कायले बसली?" मी कचोरी खात होते. आणखी एक, तातडीच्या मदतीचा 112 नंबर पाठ असू द्या. एवढ्यात काम पडत नाही, पण पाठ असलेला नंबर पदराच्या गाठीसारखा असतो.

गावाला काय सांगायचं? जेवढं खरं आणि थोडं, तेवढं. "कुठं चालली वो बाई सकाळी सकाळी?" "शेगावले." बस. खोटं बोलू नका, खोटं सांभाळायला फार मेहनत लागते. पण सगळं सांगायचं कर्जही आपण कुणाकडून घेतलेलं नाही.

प्रत्यक्ष दिवस

आता माझी फजिती ऐका.

ओळखायची खूण म्हणून आम्ही लाल साडी ठरवली होती. शेगाव स्टेशनावर उतरले तर दहा मिनिटांत चौदा लाल साड्या मोजल्या. नशीब, मी तिच्यासाठी वाळलेला मोठा दुधी नेला होता, आत बी खुळखुळणारा. तो दोन्ही हातांत धरून तिकीट खिडकीसमोर उभी राहिले. एक म्हातारबाबा जवळ आले आणि म्हणाले, "माय, एकतारी कितीले देतं?" साडीवर विसंबू नका. हातात अशी वस्तू धरा जी दुसऱ्या कुणाच्याच हातात नसेल.

गाडी तिची नऊला यायची होती. सव्वानऊला निरोप आला, "भुसावळलाच आहे." त्यानंतर रेंज गेली. मी साडेनऊपासून त्या बाकड्यावर. गाड्यांची चौकशी 139 वर करता येते, ते मला आधी सुचलं असतं तर मधल्या वेळात दर्शन तरी करून आले असते. म्हणून सांगते, एकच जागा आणि एकच वेळ ठरवू नका. 'अकरापर्यंत स्टेशनवर, नाही जमलं तर बाराला मंदिराच्या महाद्वारासमोर, तेही नाही तर पुन्हा कधी तरी' असं तीन पायऱ्यांचं ठरवा. फोन बंद पडला तरी भेट होते. फोनच्या भरवशावर राहिलेली माणसं एकाच चौकाच्या दोन टोकांना उभी राहून घरी जातात. डबा सोबत होता म्हणून बरं. भाकर, चून (म्हणजे पिठलं) आणि मिरचीचा ठेचा. पाण्याची बाटलीही आपली घरूनच न्यायची आणि आपल्याजवळच ठेवायची.

अकराला गाडी आली. ती उतरली, आणि पहिली गोष्ट मला कळली ती अशी की ती खूप ठेंगणी होती. फोनमध्ये सगळेच सारख्या उंचीचे असतात. तिला वाटलं होतं मी जाडजूड असेन, आवाजावरून. दोघी एकमेकींकडं बघून हसलो आणि मग पाच मिनिटं कुणालाच काही सुचेना. रोज रात्री अकरापर्यंत बोलणाऱ्या आम्ही, "प्रवास कसा झाला?" "बरा झाला." "चहा?" "चालेल." नणंद बिचारी इकडून तिकडं बघते आहे.

हे होणारच. घाबरू नका, आणि मैत्री खोटी होती असा निकाल त्या पाच मिनिटांत लावू नका. लिहिताना आपण विचार करून लिहितो, समोर बसल्यावर जीभ वेगळी आणि डोळे वेगळे. अशा वेळी हाताला काम द्यावं. मी पिशवी उघडली आणि पुड्या बाहेर काढल्या. काटेरी वांगं, लांब चवळी, लाल अंबाडी, आणि चिठ्ठी लावलेलं कोहळं, 'लाल बरं का!' तिनं तिच्या पुड्या काढल्या. तवशाचं (तिकडच्या मोठ्या काकडीचं) बी, पडवळ, कुळीथ. बी हातावर आलं आणि तोंडं सुटली. मग ती मला थांबवेना नि मी तिला.

भाषेचं एक सांगते. मी वहीत, फोनवर शाळेतलं मराठी लिहिते, बोलताना वऱ्हाडी बोलते. तिला पहिल्यांदा ते कळेना. "भाजीवर सांबार टाकतो आम्ही," म्हटलं तर तिच्या डोळ्यासमोर इडली. आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर. टोंगळे दुखतात म्हटलं तर तिला वाटलं काही मोठं दुखणं, मी गुडघे दाखवले. भाषा घासूनपुसून बोलू नका. ज्याला आपलं बोलणं हसण्यासारखं वाटतं तो पहिल्याच भेटीत कळलेला बरा. तिला हसू आलं, पण तिनं वही काढून शब्द लिहून घेतले. ते वेगळं हसू.

भेटवस्तू महाग नको. मी सरगुंडे आणि जवसाची चटणी नेली, तिनं आमसुलं आणली. साडी, दागिना असलं काही दिलं तर समोरच्यावर परतफेड चढते. फोटो काढायच्या आधी विचारा, आणि गटावर टाकायच्या आधी पुन्हा विचारा. माझ्या घरी चालतं, पण तिच्या नणंदेला तिचा फोटो कुठंच नको होता.

पैसे मागितले की भेट संपली

सगळ्याच ओळखी अशा नसतात. त्याच गटात एकानं देशी कापसाचं जुनं बी आहे म्हणून सांगितलं. बोलायला गोड, दर वेळी "ताई, ताई". यवतमाळला येतो, बी हातातच देतो म्हणाला. दिवस ठरला. सकाळी फोन आला, "ताई, गाडी बंद पडली, मेकॅनिकला द्यायला 1200 रुपये पाठवा, तिथं आलो की देतो." मी पाठवले. पाठवताना मला कळत होतं, आणि तरी पाठवले, कारण नाही म्हणायची लाज वाटली. लाजेचे 1200 रुपये. मग फोन बंद.

असं झालं तर रडत बसू नका, त्याच तासाला 1930 ला फोन करा. पैसे गेल्याची तक्रार घ्यायचा तो नंबर आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, कोणत्या नंबरवर गेले हे सगळं जवळ ठेवा, ॲपमध्ये सापडतं. जितकं लवकर कराल तितकं समोरच्या खात्यात पैसे अडकवता येतात. मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी केला. तोवर खातं रिकामं झालेलं. भेटीच्या आधी एक रुपयाही मागितला, मग कारण दवाखाना असो की पंक्चर, भेट तिथंच संपली समजा.

पण प्रत्येकात चोर बघायचीही गरज नाही. माझी भाची यवतमाळला कॉलेजात आहे. पुण्याच्या एका पोराशी वर्षभर बोलून राहिली होती. माझ्याकडं आली, आईला सांगायची हिंमत नव्हती. पोरगी 20 वर्षांची, मी नाही म्हणून थांबणारी नव्हती. (अठराच्या आतली असती तर मी सरळ तिच्या आईला फोन लावला असता. लहान लेकराची पहिली भेट घरच्या मोठ्या माणसासोबतच.) मी तिला सांगितलं, दोन मैत्रिणी शेजारच्या टेबलावर बसव, त्याला तसं आधीच सांग, आणि त्याच्या मोटारसायकलवर बसू नको. त्यानं विचारलंच होतं, स्टँडवरून घ्यायला येऊ का म्हणून. ही नाही म्हणाली. पोरगा म्हणाला, "ठीक आहे, मग मी पण मित्राला आणतो." पाच जणांनी मिळून तर्री पोहे खाल्ले. पुढं त्यांचं काही जमलं नाही. ती म्हणते, फोटोत बरा होता पण सारखा स्वतःबद्दलच बोलतो. एवढंच झालं. 'नाही' म्हटल्यावर माणूस कसा वागतो ते बघायला एक लहानसं 'नाही' आधी वापरून बघावं, हे मी तिच्याकडून शिकले.

आणि प्रत्यक्ष भेटल्यावर माणूस नाहीच आवडला तर? तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही. घरी पोचल्याचा निरोप द्या, "भेटून बरं वाटलं" लिहा, आणि बोलणं हळूहळू कमी करा. गायब होऊ नका. समोरचाही पोटात गोळा घेऊनच आलेला असतो.

आमची भेट दीड तासाची झाली. बारा चाळीसला मी उठले. ती म्हणाली, थांब ना, संध्याकाळी जा. मी म्हटलं, साडेसहाची एस.टी. तिनं दुधी कुशीत घेतला, म्हणाली, हा गाडीत कुठं ठेवू? दर्शन माझं राहून गेलं, बाहेरूनच हात जोडले. सासूबाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "महाराजानंच भेटवलं न, झालं तं मंग."

दारव्ह्याला पोचले तेव्हा एस.टी. सुटायला सात मिनिटं होती. खिडकीजवळ बसून तिला लिहिलं, "बसले." तिचं उत्तर आलं, "मीही रांगेत. दुधीला सगळे विचारतात."

तवशाचं बी मी जूनमध्ये मृगाच्या पावसावर लावलं. पाचातले तीन वेल उगवले. दोन रानडुकरांनी उकरले. एक कुंपणावर चढला आहे, त्याचा फोटो आज सकाळीच पाठवला.